अर्ध्या किलोमीटरचा चर

एलपी रेकॉर्डच्या एका बाजूवर किती चर असतात? पाहताना शेकडो वाटतात. प्रत्यक्षात असतो एकच. बाहेरच्या काठावर सुरू होऊन मधल्या लेबलापर्यंत गोल गोल आत सरकत जाणारा, कुठेही न तुटणारा. बारा इंची तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात. बावीस मिनिटांची बाजू संपेपर्यंत सातशेवर फेरे होतात. हा चर उलगडून जमिनीवर सरळ अंथरता आला, तर त्याची लांबी पावणेपाचशे मीटरच्या आसपास भरेल. रुंदी मात्र माणसाच्या केसाइतकी.

त्या केसाएवढ्या वाटेवरून हिऱ्याची पिन चालत जाते आणि खोलीत जोनी मिचेल गाऊ लागते. साठ आणि सत्तरच्या दशकांतले रॉक आणि फोकचे अल्बम मी आयुष्यभर ऐकत आलो आहे, तरी या गोष्टीचं नवल ओसरलेलं नाही. एकेका अल्बममागची हकीकत कळत गेली तसं ते वाढतच गेलं. त्यातली सगळ्यांत मोठी हकीकत मला ही वाटते: ज्या संगीताला जगाने बंडखोर आणि नवंकोरं म्हणून डोक्यावर घेतलं, त्याच्या तळाशी शेकडो वर्षांची जुनी गाणी वाहत होती. आणि त्यातली कितीतरी तिथवर पोचली ती रेकॉर्डच्या या चरातून.

आधी हा चर बोलतो कसा, ते पाहू. त्याला दोन भिंती असतात, एकमेकींशी काटकोनात उतरत तळाशी मिळणाऱ्या. आवाजाच्या लहरी जशा, तशा या भिंती वळत जातात. पिन त्या वळणांनी थरथरते, थरथरण्यामुळे कार्ट्रिजमधल्या तारेच्या वेटोळ्यात अगदी क्षीण वीज निर्माण होते, आणि अॅम्प्लिफायर ती वाढवून स्पीकरला देतो. स्टीरिओ रेकॉर्डमध्ये एका भिंतीवर डावीकडचा आवाज कोरलेला असतो, दुसरीवर उजवीकडचा. एकच पिन एकाच वेळी दोन्ही भिंती वाचते. ही कल्पना ईएमआय कंपनीचे इंजिनिअर अॅलन ब्लमलाइन यांनी १९३१ सालीच पेटंटसाठी मांडली होती. स्टीरिओ एलपी दुकानांत यायला मात्र पन्नासच्या दशकाची अखेर उजाडली. ब्लमलाइन ते पाहायला नव्हते. १९४२ मध्ये रडारच्या चाचणीसाठी उडालेल्या विमानाच्या अपघातात ते गेले होते.

दुसरं नवल याहून मोठं. खर्जातल्या सुरांना चरात रुंद वळणं लागतात. ती जशीच्या तशी कोरली, तर शेजारच्या फेऱ्याची जागा खाल्ली जाईल आणि रेकॉर्डवर दहा मिनिटंही मावणार नाहीत. म्हणून कोरताना खर्ज मुद्दाम दाबतात आणि वरचे बारीक सूर मुद्दाम वाढवतात. घरातला अॅम्प्लिफायर याच्या नेमकं उलट करतो: खर्ज फुगवतो, वरचे सूर खाली आणतो, आणि त्याबरोबर पिनेची खरखरही खाली बसते. किती दाबायचं आणि किती वाढवायचं याचं प्रमाण १९५४ च्या सुमारास अमेरिकी कंपन्यांनी ठरवून घेतलं आणि पुढे सगळ्या जगाने ते मानलं. रेकॉर्डवरचं गाणं असं जाणूनबुजून वाकडं केलेलं असतं. सरळ होतं ते आपल्या घरी आल्यावर.

एलपीच्या आधी रेकॉर्ड मिनिटाला ७८ फेरे घ्यायची आणि ती लाखेची असायची. पळस, कुसुंब, बोर यांच्या फांद्यांवर किडे जी लाख तयार करतात, जिच्या बांगड्या होतात, तीच ही लाख. जगाला लागणारी बरीचशी लाख आपल्याकडच्या जंगलांतून, विशेषतः छोटा नागपूरच्या पट्ट्यातून जायची. तीत दगडाची भुकटी आणि काजळी कालवून तबकड्या दाबल्या जात. म्हणजे १९२८ साली मिसिसिपीतल्या एखाद्या शेतमजुराने गायलेलं गाणं ज्या तबकडीत उमटलं, तिच्यात आपल्या जंगलातली लाख असण्याचीच शक्यता जास्त. मला ही गोष्ट फार आवडते. त्या गाण्यांशी आपलं नातं आहेच, आणि ते झाडाच्या फांदीपासूनचं आहे.

लाखेच्या दहा इंची तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. दुसऱ्या महायुद्धात लाखेचा तुटवडा झाला. १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने तिच्या वापरावर मोठी कपात लादली आणि विनाइलचा विचार जोराने सुरू झाला. विनाइल गुळगुळीत असतं, खरखर कमी करतं आणि बारीक चर सहन करतं. जून १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने न्यूयॉर्कमध्ये एलपी जगापुढे ठेवली. तीन मिनिटांची एकदम बावीस मिनिटं झाली.

या बावीस मिनिटांचं काय करायचं, हे रॉकवाल्यांना कळायला बरीच वर्षं गेली. आधी एलपी म्हणजे दोन गाजलेली गाणी आणि बाकी भरताड, असाच खाक्या होता. साठच्या दशकाच्या मध्याला चित्र पालटलं. बॉब डिलनने १९६६ च्या ‘ब्लॉन्ड ऑन ब्लॉन्ड’ या दोन एलपींच्या संचाची अख्खी चौथी बाजू अकरा मिनिटांच्या एकाच गाण्याला दिली. कोणतं गाणं कुठे ठेवायचं, यालाही अर्थ आला. त्यात चराचं स्वतःचं म्हणणं होतंच. तबकडीचे फेरे एकाच गतीने होतात, पण बाहेरच्या काठाशी पिनेखालून सेकंदाला सुमारे पन्नास सेंटिमीटर चर सरकतो आणि लेबलाजवळ सुमारे वीस. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबावा लागतो. त्यामुळे बाजूच्या शेवटी झांजा आणि ‘स’, ‘श’ धूसर होतात, म्हणून शांत गाणं शेवटी ठेवणं सोयीचं पडायचं. जोनी मिचेलच्या ‘ब्लू’ अल्बमची दोन्ही बाजूंची शेवटची गाणी केवळ पियानो आणि गळा एवढ्यावर उभी आहेत. तिने ते याच कारणाने केलं असं माझं म्हणणं नाही. पण ती गाणी तिथे वाजतात तेव्हा तबकडीने जणू त्यांच्यासाठीच जागा राखून ठेवलेली असते.

बाजूच्या अखेरीचा सगळ्यांत धाडसी उपयोग बीटल्सने केला. ‘अॅबी रोड’ हा १९६९ चा अल्बम. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं पावणेआठ मिनिटांचं, जड, काळंकभिन्न. तोच तो गिटारचा घाव पुन्हा पुन्हा, मागे वाऱ्यासारखा वाढत जाणारा घोंघाट. तो आता कुठे जाणार असं वाटत असतानाच टेप कापल्यासारखं सगळं थांबतं. टेप खरोखरच कापली होती, जॉन लेननने सांगितलेल्या जागी. मग शांतता. ऐकणाऱ्याने उठायचं, तबकडी उलटायची, पिन ठेवायची, आणि दुसऱ्या बाजूला जॉर्ज हॅरिसनची गिटार कोवळ्या उन्हासारखी उतरते. ‘हिअर कम्स द सन’ हे गाणं त्याने त्या वर्षीच्या वसंतात मित्राच्या, एरिक क्लॅप्टनच्या, बागेत बसून केलं होतं. अंधार आणि ऊन यांच्या मधलं ते उठून जाण्याचं अर्धं मिनिट अल्बमचाच भाग आहे. सीडीवर किंवा फोनवर ही दोन गाणी पाठोपाठ येतात आणि ते अंतर नाहीसं होतं.

आता जुन्या गाण्यांकडे येतो, कारण माझा जीव खरा तिथे अडकलेला आहे.

१९५२ साली फोकवेज या छोट्या अमेरिकी कंपनीने ‘अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक’ नावाचा सहा एलपींचा संग्रह काढला. तो हॅरी स्मिथ नावाच्या एका विक्षिप्त संग्राहकाने स्वतःजवळच्या जुन्या ७८ च्या तबकड्यांतून निवडला होता. एकूण ८४ गाणी, जवळजवळ सगळी १९२७ ते १९३२ या काळात ध्वनिमुद्रित झालेली. डोंगरातले बॅन्जोवाले, कापसाच्या शेतांवरचे गायक, चर्चमधली भजनं. स्मिथने गायक गोरा की काळा हे कुठेच नोंदवलं नाही. वंशभेद कायद्याने चालणाऱ्या देशात, १९५२ मध्ये. ऐकणाऱ्यांना निव्वळ आवाज ऐकावे लागले. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधली डिलनची पिढी या तबकड्यांवर वाढली.

त्या संग्रहात मिसिसिपी जॉन हर्ट या गायकाची दोन गाणी होती. त्याने १९२८ मध्ये काही गाणी ध्वनिमुद्रित केली, ती फारशी खपली नाहीत, मंदी आली, आणि तो आपल्या गावी शेतीकडे परतला. तो जिवंत असेल असं कुणाच्या मनातही नव्हतं. मग १९६३ मध्ये टॉम हॉस्किन्स नावाच्या तरुण चाहत्याने त्याचं ‘अॅव्हलॉन ब्लूज’ ऐकलं. अॅव्हलॉन हे आपलं गाव असल्याचं गाण्यात सांगितलेलं होतं. चालू नकाशांत ते गाव सापडेना, जुन्या अॅटलासमध्ये सापडलं. हॉस्किन्स मिसिसिपीला गेला, गावात चौकशी केली, आणि सत्तरीला टेकलेला जॉन हर्ट त्याला भेटला. बोटं अजून तशीच चालत होती. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या फोक महोत्सवात हजारोंनी त्याला ऐकलं. पस्तीस वर्षं एक माणूस एका चरात थांबून राहिला होता, आणि त्याच्याच गाण्याने त्याचा पत्ता सांगितला.

हर्टच्या वादनात एक युक्ती आहे. अंगठा खर्जाच्या तारांवर आळीपाळीने ठेका धरतो आणि बाकीची बोटं वर स्वतंत्र चाल वाजवतात. ऐकताना दोन गिटार आहेत असं वाटतं. याच घराण्यातली बोटांची पद्धत स्कॉटिश गायक डोनोव्हनने १९६८ मध्ये जॉन लेननला शिकवली, आणि ती कुठे? ऋषिकेशला, महेश योगींच्या आश्रमात. त्याच वर्षी आलेल्या बीटल्सच्या पांढऱ्या कव्हरच्या अल्बममधलं ‘ज्युलिया’ ऐका. अंगठा आणि बोटं वेगळी ऐकू येतील.

अटलांटिकच्या पलीकडे, इंग्लंडमध्ये, अशीच ये-जा चालू होती. ‘स्कारबरो फेअर’ सायमन आणि गारफंकल यांचं म्हणून जग ओळखतं. पॉल सायमनने ते १९६५ मध्ये लंडनला मार्टिन कार्थी या इंग्रज गायकाकडून उचललं, त्याच्या गिटारच्या मांडणीसह. कार्थीचं नाव कुठेही आलं नाही आणि वर्षानुवर्षं त्याच्या मनात अढी राहिली. २००० साली सायमनने लंडनच्या कार्यक्रमात कार्थीला मंचावर बोलावलं आणि दोघांनी ते एकत्र गायलं. त्याआधी, १९६२-६३ च्या हिवाळ्यात, डिलनही कार्थीकडून हीच चाल घेऊन गेला होता. गाणं तर या तिघांहून कितीतरी जुनं. हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस चाइल्ड यांनी एकोणिसाव्या शतकात इंग्रजी-स्कॉटिश कथागीतांचा ३०५ गाण्यांचा प्रचंड संग्रह केला. त्यात हे दुसऱ्या क्रमांकाच्या गाण्याच्या कुटुंबातलं आहे.

याच कथागीतांतून माझा सगळ्यांत आवडता अल्बम निघाला. फेअरपोर्ट कन्व्हेन्शन हा विशीतल्या मुलांचा इंग्रज बँड. १२ मे १९६९ च्या पहाटे, बर्मिंगहॅमचा कार्यक्रम आटोपून लंडनला परतताना एम-वन महामार्गावर त्यांची व्हॅन उलटली. ड्रमर मार्टिन लॅम्बल गेला, एकोणीस वर्षांचा. गिटारवादक रिचर्ड थॉम्पसनची मैत्रीण जीनी फ्रँकलिन गेली. बँड मोडलाच असता. उरलेल्यांनी ठरवलं की जुनी गाणी पुन्हा वाजवायची नाहीत, कारण त्या प्रत्येकात मार्टिनचे ड्रम होते. त्या उन्हाळ्यात हॅम्पशरमध्ये एक मोठं जुनं घर भाड्याने घेऊन ते तिथे राहिले. डेव्ह स्वॉरब्रिक हा फिडलवादक आणि डेव्ह मॅटॅक्स हा नवा ड्रमर येऊन मिळाले. बेसवादक अॅशली हचिंग्ज लंडनच्या सेसिल शार्प हाउसच्या ग्रंथालयात जाऊन जुनी कथागीतं धुंडाळू लागला. आणि डिसेंबरमध्ये ‘लीज अँड लीफ’ बाहेर आला.

त्यातलं ‘मॅटी ग्रोव्ह्ज’ घ्या. सरदाराची बायको, तिचा तरुण प्रियकर, पळत जाऊन खबर देणारा नोकर, पहाटेचं द्वंद्व, दोन खून. या गोष्टीचे उल्लेख सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून सापडतात. बँडने शब्द इंग्लंडचे घेतले आणि चाल घेतली अमेरिकेच्या अॅपलेशियन डोंगरांतल्या एका गाण्याची. तिथे ती रुजली होती ब्रिटनमधून गेलेल्या माणसांच्या घरांत. मग त्यावर इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम. बँडची गायिका सँडी डेनी ही गोष्ट गाते तेव्हा आवाज चढवत नाही. पलंगाशी उभा राहिलेला नवरा, त्याचा थंड प्रश्न, बायकोचं उत्तर, सगळं ती एका संथ, सरळ सुरात सांगत जाते आणि अंगावर काटा येतो. शब्द संपल्यावर फिडल आणि गिटार एकमेकांच्या मागे लागतात आणि गाणं आठ मिनिटांपर्यंत धावतं. शोकात बुडालेल्या पाच-सहा मुलांना शेकडो वर्षांपूर्वीच्या अनामिक लोकांच्या दुःखाने उभं केलं. माझ्या मते ब्रिटिश रॉकमध्ये याहून मोठं काम फार थोडं झालं आहे.

सँडी डेनीचा आवाज पुढे आणखी एका घरात शिरला. १९७१ मध्ये लेड झेपलिन या दणदणीत बँडने आपल्या चौथ्या अल्बमसाठी तिला एका गाण्यापुरतं बोलावलं. त्यांच्या स्टुडिओ अल्बमांत दुसऱ्या कुणी मुख्य आवाजात साथ दिल्याचं हे एकमेव उदाहरण. अल्बमच्या कव्हरवर नाव नाही, आत चार वादकांच्या जागी चार चिन्हं आहेत. तिथेच तिच्यासाठीही एक चिन्ह दिलेलं आहे.

त्या अल्बमचं शेवटचं गाणं मिसिसिपीच्या १९२७ च्या महापुरावरचं आहे. मूळ १९२९ मध्ये मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय या जोडीने ते ध्वनिमुद्रित केलं होतं, दोन गिटार आणि एक गळा एवढ्यावर. पुरात लाखो माणसं बेघर झाली होती. लेड झेपलिनने ते हेडली ग्रेंज या अठराव्या शतकातल्या घरात वाजवलं. पूर्वी ते गरिबांचं आश्रयगृह होतं. जॉन बॉनमचे ड्रम जिन्याखालच्या उंच दालनात मांडले आणि दोन मायक्रोफोन वरच्या मजल्यावरून जिन्यात सोडले. ड्रमजवळ माइक ठेवला तर आपल्याला काठीचा घाव ऐकू येतो. इतका वर ठेवला तर घाव, भिंतींवरून परतलेले प्रतिध्वनी आणि जिन्याची सगळी पोकळी मिळून येते. ते ड्रम ऐकताना बांधावर पाणी धडका देतंय असं वाटतं. खोलीच तिथे वाद्य झाली आहे.

‘ब्लू’बद्दल थोडं सांगायचं राहिलं. जोनी मिचेलला नवव्या वर्षी पोलिओ झाला आणि डावा हात दुबळा राहिला. गिटारवर नेहमीच्या जागी बोटं दाबून अवघड कॉर्ड धरणं तिला जड जायचं. म्हणून ती तारांचे पिळे फिरवून वाद्यच वेगळं लावू लागली. असं लावलं की तारा न दाबताही छेडल्यावर एक कॉर्ड वाजतो, आणि एखाद-दुसऱ्या बोटाने तो बदलता येतो. तिने अशा कितीतरी जुळवण्या शोधल्या. त्यांतून येणारे कॉर्ड पुष्कळदा घरी न परतलेले, अधांतरी वाटतात. ‘ब्लू’ १९७१ चा. त्यातल्या काही गाण्यांत ती अॅपलेशियन डल्सिमर वाजवते, म्हणजे पुन्हा त्याच डोंगरांतलं वाद्य.

या सगळ्या काळाचा एक धागा मुंबईत फोर्टमध्ये येतो. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसनने फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत ‘वंडरवॉल म्युझिक’ या अल्बमसाठी ध्वनिमुद्रण केलं. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया त्यात वाजवत होते. तिथेच ‘द इनर लाइट’चं संगीत मुद्रित झालं आणि ते बीटल्सच्या सिंगलवर आलेलं हॅरिसनचं पहिलं गाणं ठरलं. याच सुमारास एचएमव्हीचे जी. एन. जोशी, मराठी भावगीताच्या पहिल्या पिढीतले गायक, यांच्या देखरेखीखाली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा अल्बम तयार झाला होता. शिवकुमार, हरिप्रसाद, ब्रिजभूषण काबरा यांची गिटार आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरच्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या अहिरभैरवापासून रात्रीपर्यंत, एका तबकडीच्या दोन बाजूंवर. लंडनला बीटल्स जे करू पाहत होते, एक सलग अनुभव एलपीत मांडायचा, ते आपल्याकडे त्याच वर्षांत झालं होतं. रागांच्या वेळा आधीपासून होत्याच. एलपीने त्यांना पुरेशी मिनिटं दिली.

हे अल्बम आज फोनवर कुणालाही मिळतात. रेकॉर्ड प्लेअर नसला तरी अडत नाही. एवढंच करा: क्रम उलटसुलट करणारं बटण बंद ठेवा आणि एक बाजू म्हणजे चार-पाच गाणी सलग ऐका, मध्ये न उठता. सुरुवात ‘लीज अँड लीफ’पासून करा, मग ‘ब्लू’ आणि नंतर मिसिसिपी जॉन हर्टची १९२८ ची गाणी. ‘मॅटी ग्रोव्ह्ज’ पहिल्या बाजूवर तिसरं आहे, पण आधीची दोन सोडू नका.